पूर्ण समाधानी

साऱ्या नागपुरात सर्वांत असमाधानी माणूस कोण, असा प्रश्न उद्या सरकारदरबारी निघाला, तर उत्तरासाठी समिती नेमायची गरज पडणार नाही. मानकापूरच्या चौकात उभं राहून कोणालाही विचारावं. तो आमच्या फोरमनसाहेबांचं घर दाखवील. आणि अशा माणसाची मी, वीजकेंद्राच्या वैद्यकीय विभागातल्या एका लिपिकानं, स्वतःच्या हातानं दप्तरात 'पूर्ण समाधानी' अशी नोंद करून ठेवली. ही गोष्ट मी चार वर्षं कोणाला सांगितली नाही. पत्नीलाही नाही. तिला सांगितली असती तर तिनं मला त्याच दिवशी त्यांच्याकडे धाडलं असतं, आणि तेच मला नको होतं.

फोरमनसाहेबांची उभी नोकरी टर्बाइनच्या हॉलमध्ये गेली. त्या हॉलमध्ये माणसं हातवारे करून बोलत, कारण शब्द तोंडातून बाहेर पडताच त्या घरघरीत बुडून जाई. अशा कल्लोळात कोणतं बेअरिंग बिघडू लागलं आहे, हे ओळखण्यासाठी साहेब हातभर लांबीची एक पोलादी सळई वापरत. तिचं एक टोक यंत्रावर टेकवायचं, दुसऱ्या टोकाची गोल मूठ कानामागच्या हाडाला लावायची आणि डोळे मिटायचे. निवृत्तीच्या समारंभात मिळालेला नारळ त्यांनी तिथल्या तिथे फोडून सगळ्यांना वाटला; सळई मात्र शालीत गुंडाळून घरी आणली. तेव्हापासून त्या सळईतून सुटलेलं यंत्र आमच्या ओळखीच्या घरांत नाही. कोणाकडे चहाला गेले, की आधी ते यजमानांचा फ्रिज ऐकत. एका लग्नात त्यांनी मांडवामागचा जनरेटर ऐकला आणि वधूपित्याला जाऊन सांगितलं, "भटजीले म्हणा, जरा घाईनं आटपा." पाचव्या मंगलाष्टकाला मांडवात अंधार झाला. आभार कोणी मानले नाहीत. उलट त्या घरातल्या धाकट्या मुलीच्या लग्नाची पत्रिका त्यांना आलीच नाही. त्याचं त्यांना वाईट वाटलं नाही. "फोरमनले मशीन ठीक वाटून राहिली ना," ते मला म्हणत, "तर समज गा बाबू, फोरमन झोपला आहे."

आमच्या कर्मचाऱ्यांच्या आणि निवृत्तांच्या आरोग्य विमा योजनेवरही त्यांनी हीच सळई टेकवली होती. योजनेची माहितीपुस्तिका सर्वांनाच मिळते आणि बहुतेक घरांत ती डब्यांखाली अंथरली जाते. साहेबांनी तिला खाकी वेष्टण घातलं, तांबड्या पेन्सिलीनं रेघा मारल्या आणि तिची कलमं पाठ केली. यादीतली रुग्णालयं प्रकृती ठणठणीत असतानाच पाहून ठेवावीत, अशा धोरणानं ते दर मे महिन्यात डोक्याला दुपट्टा गुंडाळून, खिशात कांदा ठेवून स्कूटरवर दौऱ्याला निघत. खाटांवर पडून पाहत, घंटी वाजवून कोण किती वेळात येतं ते मोजत. एका परिचारिकेनं काळजीनं विचारलं, "काय होतंय, बाबा?" साहेब पडल्या पडल्या म्हणाले, "सध्या काहीच नाही होऊन राहिलं. झालं तर कुठं यायचं, ते पाहून राहिलो." अशाच एका दौऱ्यावरून ते घामाघूम होऊन थेट माझ्या टेबलाशी आले. "सात नंबरच्या दवाखान्यात साड्या विकून राहिले, बाबू! मले अटॅक आला तर मी काय पैठणी नेसू?" मी चौकशी करतो म्हणालो, आणि केलीही. दवाखाना केव्हाच दुसरीकडे हलला होता. यादी तेवढी जागची हलली नव्हती.

त्यांचा खरा रोष मात्र पुस्तिकेच्या शेवटच्या पानावर होता. योजनेत न बसणाऱ्या गोष्टी तिथे दिल्या होत्या: कवळी, चष्मा आणि श्रवणयंत्र. "माह्यं बाकीचं शरीर परमनंट होतं," ते सगळ्या विभागाला ऐकू जाईल अशा आवाजात विचारत, "अन् दात, डोळे, कान काय रोजंदारीवर होते?" आम्ही सगळे हसत असू. कानांचं हसण्यावारी नेण्यासारखं नाही, हे मला त्यांच्या घरी गेल्यावर कळलं. साहेबांच्या पत्नीचा, म्हणजे आमच्या काकूंचा, आवाज मुळात फार हळू. चाळीस वर्षांच्या संसारात तो शेजाऱ्यांच्या कानावर गेला नव्हता. हॉलनं साहेबांचे कान नेल्यावर त्यांना साधा चहा विचारायलाही ओरडावं लागू लागलं.

"अवं, भांडून काहून राहिली?" साहेब दचकून विचारत.

"भांडून नाही राहिले, चहा विचारून राहिले!"

पहिल्या वेळी हे ऐकून मी हसलो होतो. पुढे केव्हातरी लक्षात आलं, की काकू आता विचारतच नाहीत. कप नुसता समोर आणून ठेवतात आणि आत जातात. त्यांची मुलगी श्रवणयंत्र घेऊन द्यायला तयार होती. साहेब तिचं मानत नव्हते. "हॉलमधले आम्ही अकरा जण बहिरे झालो. मी एकट्यानं घेतलं, की बाकी दहा जणांची फाइल बंद. कान मशीननं नेले, आता योजनेनंच द्यावे."

अशात योजनेबद्दलच्या समाधानाची पाहणी निघाली. निवृत्तांकडून फॉर्म घेऊन त्यांची संगणकात नोंद करण्याचं काम माझ्याकडे आलं. साहेबांनी फॉर्मला चौदा पानं जोडली होती: अकरा जणांच्या सह्या, कोण किती वर्षं हॉलमध्ये होता, आता कोणाला काय ऐकू येत नाही. मी ती वाचली. एकानं लिहिलं होतं, दारावरची घंटी. दुसऱ्यानं, नातीचं बोलणं. साहेबांच्या नावापुढे दोनच शब्द होते: घरचं माणूस.

"वरतपर्यंत पोचवशीन ना, बाबू?"

"पोचवतो," मी म्हणालो.

संगणकात 'पूर्ण समाधानी' निवडलं, की नोंद तिथेच संपत असे. 'असमाधानी' निवडलं, की नवं पान उघडे, कारणं विचारी आणि शेवटी नोंद करणाऱ्याच्या विभागाकडून खुलासा मागे. मुदतीचा शेवटचा दिवस होता. वरिष्ठ दोनदा टेबलापाशी येऊन गेले होते. चौदा पानं मावतील अशी जागाच त्या संगणकात नाही, असं मी स्वतःला समजावलं. खरं एवढंच होतं, की खुलासा लिहायला मी भ्यालो. मी 'पूर्ण समाधानी' निवडलं आणि ती पानं खणात, जुन्या पंचांगाखाली ठेवून दिली. काम वेळेत पुरं केल्याबद्दल मला शाबासकी मिळाली, आणि ती मी घेतलीही.

आठवड्याभरात साहेब मोबाइल उंच धरून विभागात आले. त्यावर संदेश होता: आपण व्यक्त केलेल्या समाधानाबद्दल आभार. "कोण्या समाधानी माणसाचा मेसेज माह्या फोनवर येऊन पडला, पाह्य!" म्हणत ते डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. मीही त्यांच्याबरोबर हसलो. माझ्या साऱ्या अपराधात ते हसणं मला सर्वांत जड वाटतं. काही महिन्यांनी त्यांच्या स्मरणपत्राला उत्तर आलं, की पाहणीत श्रवणयंत्राची मागणी कोणीही नोंदवलेली नसल्यामुळे विचार करता येत नाही. इतर दहा जणांना माझा संशय आला. साहेबांनी त्यांना खडसावलं, "बाबूनं पोचवलं होतं. वरतेच कुठंतरी पट्टा तुटला." आयुष्यात त्यांनी एवढ्या एकाच यंत्राला सळई न लावता पास केलं होतं, आणि ते यंत्र मी होतो.

यंदा पुन्हा पाहणी निघाली. फॉर्मचे गठ्ठे पाहिल्यावर मी खण उघडला. पानांच्या कडा पिवळ्या पडल्या होत्या आणि सह्या करणाऱ्या अकरा जणांपैकी दोघे आता नव्हते. ती पानं या वेळी खरोखर वर पाठवायची, तर नव्या सह्या हव्यात. आणि नव्या सह्या मागायच्या, तर जुन्या कुठे होत्या ते सांगायला हवं. एका रविवारी दुपारी मी पानं घेऊन मानकापूरला गेलो. कूलर घरघरत होता. काकूंनी न बोलता पाणी आणि संत्रा बर्फी पुढे ठेवली आणि त्या दाराशी बसल्या. मी माझ्या नेहमीच्या आवाजात सगळं सांगितलं.

साहेब मान डोलावून म्हणाले, "घे ना, बर्फी घे."

मी पुन्हा सांगितलं. या वेळी ते माझ्या तोंडाकडे पाहत राहिले, चालता चालता वेगळं वाजू लागलेल्या यंत्राकडे पाहावं तसे. त्यांनी हातानं खूण केली. काकूंनी कूलर बंद केला. साहेबांनी कोपऱ्यातली सळई उचलली, तिचं टोक माझ्या गळ्याखालच्या हाडावर टेकवलं, मूठ कानामागे धरली आणि डोळे मिटले.

"धडधड तर लय आहे गा," ते हळूच म्हणाले. "बेअरिंग सुकलं तुह्यं. बोल आता. जोरानं बोल."

मी जन्मभर हळू बोलत आलो. लोक त्याला माझी सभ्यता समजत आणि मीही तसंच समजत होतो. त्या आवाजाच्या आडोशाला मी किती काय ठेवलं होतं, हे ते थंड पोलाद हाडाला लागल्यावर मला उमगलं. मी श्वास घेतला आणि शेजारच्या गच्चीवर पापड वाळत घालणाऱ्या बाईनं वळून पाहावं, एवढ्या मोठ्यानं बोललो:

"फोरमनसाहेब, तुमची पानं वर गेलीच नाहीत. ती माझ्या खणात होती. तुम्हाला 'पूर्ण समाधानी' मी केलं. मी भ्यालो आणि खोटं लिहिलं. माझं चुकलं, मला क्षमा करा. आणि काकू, तुमचं बोलणं इतकी वर्षं बंद राहिलं ते माझ्यामुळे. तुमचीही क्षमा मागतो."