मुशीच्या तेलातले शिकारी बूट

आमच्या घरात आजवर कुणीही शिकार केलेली नाही. झुरळ दिसलं तर मिलिंद पाय वर घेऊन सोफ्यावर बसतो आणि मला हाक मारतो. तरीही नव्वदचं दशक संपता संपता, दुबईतल्या अल कुसैसच्या आमच्या फ्लॅटमध्ये डोंगरातल्या शिकारीसाठी बनवलेले अस्सल चामड्याचे बूट होते. आणि ते मी आणले होते. हौसेने!

झालं असं, की मिलिंदच्या ऑफिसात तेव्हा दोन जागा भरायच्या होत्या. एक हेड ऑफिसात, म्हणजे संध्याकाळी सहाला माणूस घरी. दुसरी सौदीच्या सीमेजवळच्या साइटवर, म्हणजे पत्र्याच्या केबिनमध्ये चौघांनी झोपायचं आणि बायको-मुलीचं तोंड महिन्यातून एकदा बघायचं. उमेदवार दोघंच, मिलिंद आणि दिल्लीचा खन्ना. कुणाला कुठे टाकायचं हे ठरवणार होते मिलिंदचे बॉस, ग्रॅहमसाहेब. आणि हा इंग्रज माणसाची पारख फाइली बघून करायचा नाही, डोंगरात नेऊन करायचा! ऊन जरा उतरलं की शुक्रवारी तो कुणाकुणाला दोन तासांवरच्या हत्ता गावच्या डोंगरात चालायला न्यायचा. यंदाच्या पहिल्या शुक्रवारी मिलिंद, खन्ना आणि फॅमिली वेलकम.

"साहेब म्हणाले, वाटेत पाणी आहे, वॉटरप्रूफ बूट हवेत," मिलिंद घरी येऊन म्हणाला. "गेल्या वर्षी एक जण स्पोर्ट्स शूज घालून आला होता."

"मग?"

"मग काय! साइटवर आहे तो आता."

आमची ईशा तेव्हा सात वर्षांची. बापाने गोष्ट सांगितल्याशिवाय झोपायची नाही, आणि मी सांगायला लागले की म्हणायची, "ममा, यू आर शाउटिंग." हा माणूस वाळवंटात गेला तर आम्ही दोघी एकमेकींना फाडून खाणार, हे मला स्पष्ट दिसत होतं. मिलिंदला हेड ऑफिस मिळायलाच हवं होतं, आणि ते आता बुटांवर येऊन ठेपलं होतं.

तेवढ्यात सुपरमार्केटच्या बोर्डावर चिठ्ठी दिसली. जुमैरातलं एक जर्मन कुटुंब गाशा गुंडाळून परत चाललं होतं, घरातलं सगळं विकायला काढलं होतं. मी गेले. गॅरेजच्या फळीवर ते बूट बसलेले. एकेक बूट आमच्या कुकरएवढा!

"माय हजबंड. हंटिंग. माउंटन. व्हेरी स्ट्राँग," जर्मन बाई म्हणाली.

"वॉटरप्रूफ?"

"यस, यस! वॉटरप्रूफ!"

(कधी होते, ते मी विचारलं नाही. दुबईचे किती उन्हाळे त्या बंद गॅरेजमध्ये त्यांनी काढले, तेही नाही.) चाळीस म्हणाली, मी तीसवर आणलं. तीस दिरहम! म्हणजे साडेतीनशे रुपयेसुद्धा नाहीत! मी टॅक्सीत ते बूट मांडीवर घेऊन बसले होते.

"दोन नंबर मोठे आहेत गं," मिलिंद म्हणाला.

"मोजे घाल."

"दोन दोन?"

"तीन तीन घाल! पण नाट लावू नकोस."

मग मी त्याला बूट घालून बाथटबमध्ये उभं केलं आणि नळ सोडला. माल तपासून घ्यावा, एवढी अक्कल मला आहे. (आणल्यानंतर तपासला, हे सोडा.)

"काय वाटतंय?"

"गार वाटतंय."

"कुठे?"

"सगळीकडे."

चामडं वाळून इतकं तडकलं होतं, की पाणी शिवणीतून, भेगांतून, जिथून मिळेल तिथून आत जात होतं. पण मी अशी हार मानणारी बाई नव्हे. पहिल्यांदा खोबरेल तेल चोपडलं. पाणी तरीही आत गेलं, फक्त आता त्याला खोबरेलाचा वास होता. मग चहाच्या पातेल्यात मेणबत्त्या वितळवून बुटांना मेण फासलं आणि बाल्कनीच्या कठड्यावर वाळत ठेवले. ऑक्टोबरातलं ऊन! ते मेण पुन्हा वितळलं आणि टपटप खालच्या मजल्यावरच्या पिल्लैबाईंच्या वाळत घातलेल्या पांढऱ्याशुभ्र, जरीकाठी कसवू साडीवर पडलं. पिल्लैबाई वर येऊन मला मल्याळममध्ये बोलल्या. एक शब्द कळला नाही, पण अर्थ पोचला.

हे भांडण ऐकून शेजारच्या झुबेदाभाभी बाहेर आल्या. भाभी रत्नागिरीकडच्या. त्यांच्या माहेरी मासेमारीचा धंदा, आणि त्यांच्या भावाचं उम्म अल कुवैनला जाळ्यांचं आणि दोरखंडांचं दुकान.

"अगो अलका, मेण काय लावतेस येड्यासारखं? आमच्या बाबाच्या मचव्याला मुशीचं तेल लावायचे. लाकडात पाणी शिरायची टाप नव्हती!"

"मुशी म्हणजे?"

"शार्क गो! तिच्या काळजाचं, लिव्हरचं तेल. इथल्या होड्यांनापण तेच लावतात. भावाला सांगते, इन्शाल्ला उद्या येईल."

आमच्या घरात अंडंसुद्धा येत नाही, आणि मी शार्कचं काळीज मागवत होते! पण बुटांना कुठे पंगतीला बसवायचं होतं? बुधवारी सकाळी दुधाच्या पावडरीच्या रिकाम्या डब्यातून तेल आलं. भाभींनी बजावलं, "पातळ एक हात फिरव आणि पंधरा दिवस बाहेर ठेव. घरात आणू नकोस, सांगून ठेवते!"

पंधरा दिवस? शुक्रवार परवावर आला होता! मी मनाशी म्हटलं, एका हाताने मचवा तरतो, तर चार हातांनी मिलिंद नक्की तरेल. जुन्या टूथब्रशने चार हात दिले. आतून दोन. आणि लवकर वाळावेत म्हणून दारं-खिडक्या लावून त्यांच्यावर हेअर ड्रायर धरला.

त्या वासाचं वर्णन मी करणार नाही. एवढंच सांगते, की तो आधी डोळ्यांना कळला आणि मग नाकाला. शिवाय आमच्या बिल्डिंगचा एसी सेंट्रल! अर्ध्या तासात तो वास सगळ्या मजल्यांवर पोचला. आधी नातूर आला. नातूर म्हणजे बिल्डिंगचा वॉचमन.

"भाभीजी, घर में सब ठीक है ना? कोई... मतलब... सब लोग ज़िंदा हैं ना?"

"सब ज़िंदा हैं! जूते सुखा रही हूँ!"

तो बिचारा दोन पायऱ्या मागे सरला. मी दार लावलं. संध्याकाळी उघडलं, तर कुसैसमधल्या तमाम मांजरी जिन्यात शिस्तीने बसलेल्या. ईशा दप्तर घेऊन त्यांच्यातून वाट काढत आली, दारातच थांबली आणि म्हणाली, "ममा, आय ॲम गोइंग टू झुबेदा आंटी. फॉरेव्हर." मागून भाभीच आल्या, ओढणीने नाक धरून.

"या अल्लाह! किती लावलंस?"

"चार हात. आतून दोन."

"अगो, एवढ्यात आमचा अख्खा मचवा झाला असता!"

पण रात्री मिलिंदला पुन्हा टबमध्ये उभं केलं आणि एक थेंब, शपथेवर सांगते, एक थेंब आत गेला नाही! मी टाळ्या वाजवल्या. मिलिंद वाजवू शकला नाही, कारण त्याने दोन्ही हातांनी नाक धरलं होतं.

"अगं, हा वास..."

"मोकळ्या हवेत उडून जाईल!"

शुक्रवारी मोकळ्या हवेत पोचायला आधी ग्रॅहमसाहेबांच्या बंद जीपमध्ये दोन तास बसावं लागलं. पुढे साहेब आणि मिसेस ग्रॅहम. मधे आम्ही तिघं. मागे खन्ना, पायांत कोरे करकरीत नवे बूट. गाडी सुरू झाली, एसी लागला, आणि गप्पा हळूहळू बंद पडल्या. साहेबांनी गाडी थांबवून आपल्याच बुटांचे तळ पाहिले. मग खाली उतरून बॉनेट उघडून पाहिलं. मिसेस ग्रॅहमने पर्समधून सेंटची बाटली काढून रुमालावर अर्धी ओतली. खन्ना मागून म्हणाला, "सर, शायद फिश मार्केट पास में है." आजूबाजूला नुसती वाळू!

"इट्स नॉट द मार्केट," ईशा म्हणाली. "इट्स पपा."

मी तिला चिमटा काढला, पण सगळ्यांच्या माना एकदम मिलिंदच्या पायांकडे वळल्या. साहेबांनी चारी काचा खाली केल्या.

हत्त्याला चालायला सुरुवात झाली आणि मिलिंदच्या मागे चालायला कुणी तयार होईना. डोंगरातल्या बकऱ्यासुद्धा वारा बदलला की दिशा बदलत होत्या. मी मात्र वाट बघत होते ती पाण्याची. वादीतला, म्हणजे डोंगरांमधल्या दरीतला, ओढा आला. खन्ना कडेकडेने दगडांवरून गेला. मी मिलिंदला मागून ढोसलं. "यल्ला, चल! सरळ मधून जा. दाखव त्यांना!"

तो मधून गेला. घोट्यापर्यंत पाणी, बूट कोरडे! मी साहेबांकडे अभिमानाने पाहिलं. पुढच्या पावलाला खड्डा होता. पाणी गुडघ्यापर्यंत गेलं आणि वरून बुटांत भरलं. आता आतून दोन हात दिलेले होते ना! मिलिंद पलीकडे आला, पण बुटांतलं पाणी काही बाहेर येईना. शिवणीतून नाही, भेगांतून नाही, एक थेंब नाही! दोन्ही पायांत दोन कळश्या घेतल्यासारखा तो डुबुक डुबुक चालत होता. एवढं अस्सल वॉटरप्रूफिंग मी जन्मात पाहिलं नाही.

ते वजन मात्र बुटांच्या तळांना झेपलं नाही. चढावर डाव्या बुटाचा तळ मागेच राहिला आणि मिलिंद उरलेला बूट घेऊन पुढे गेला. मी तो तळ उचलला, तर तो बेसनाच्या लाडवासारखा हातात भुगा झाला. इतक्या वर्षांच्या उकाड्याने रबर आतल्या आत मेलं होतं. पाठोपाठ उजव्याने आ वासला. मी माझ्या ओढणीने तो बांधत होते, आणि मला खरंच रडू फुटलं. डोळ्यांपुढे ती पत्र्याची केबिन आली, महिन्यातून एकदा येणारा मिलिंद आला. सगळं माझ्याच हाताने घालवलं होतं!

"टेक देम ऑफ, प्लीज," साहेब दुरूनच म्हणाले.

मिलिंदने बूट काढले. वास कमी होईल असं त्यांना वाटलं असावं. पण सकाळपासून तेलात मुरलेले आणि वर पाण्यात भिजलेले ते पाय जेव्हा उघड्यावर आले, तेव्हा खन्ना जाऊन एका खडकामागे बसला. मिसेस ग्रॅहमने आपल्या नवऱ्याचा दंड धरला.

"सर, ॲक्चुअली, माय वाइफ..." मिलिंदने सुरुवात केली.

"नो, नो," साहेब हळुवारपणे म्हणाले. "यू डोन्ट हॅव टू एक्सप्लेन."

येताना मिलिंदला मागे सामानाच्या जागेत बसवलं, आणि खन्ना माझ्या शेजारी आला.

शनिवारी ऑफिस उघडलं. मी दिवसभर कुणाशी बोलले नाही. (झुबेदाभाभी दोनदा तब्येत विचारून गेल्या.) संध्याकाळी सहाला मिलिंद आला, आणि विचित्र चेहरा करून दारातच उभा राहिला.

"हेड ऑफिस मिळालं," तो म्हणाला.

"काय? कसं काय?"

"साहेब म्हणाले, कॅम्पात एका केबिनमध्ये चार माणसं झोपतात. दॅट वुड नॉट बी फेअर टू द अदर थ्री."

मी त्याला मिठी मारली. ईशाने सोफ्यावर उड्या मारल्या. साइटचा भत्ता खन्नाला मिळाला, त्यामुळे तोही खूश. तोंड पाडून बसला होता तो एकटा मिलिंद.

"अगं, अख्खं ऑफिस माझ्यापासून लांब उभं राहतंय! मी उद्या साहेबांना सांगतो, की ते तेल होतं. माझे पाय नॉर्मल आहेत."

"खबरदार!" मी ओरडले. "एक शब्द बोललास तर बघ! पाय तुझेच आहेत, वास तुझाच आहे. खलास!"

तेवढ्यात फोन वाजला. मिसेस ग्रॅहम! फार हळू आवाजात बोलत होत्या.

"अल्का, हाउ लाँग हॅव यू बीन मॅरिड?"

"नाइन इयर्स."

"अँड ही वॉज ऑलवेज... लाइक दॅट?"

मिलिंद समोरून हातवारे करून "नाही म्हण, नाही म्हण" सांगत होता. मी त्याच्याकडे पाठ केली.

"ऑलवेज," मी म्हटलं, आणि एक उसासाही टाकला.

पलीकडे त्यांनी नाक शिंकरलं. मग म्हणाल्या, इतकी सोशिक, इतकी शांत, इतकी सहनशील बायको मी आयुष्यात पाहिली नाही. मी गहिवरून थँक्यू म्हटलं. मला सहनशील म्हणणारी ती जगातली पहिली आणि शेवटची व्यक्ती, आणि तीसुद्धा चुकीच्या माहितीवर!