पडदा मागून फाडला होता

निपाणीतल्या एका जुन्या चित्रपटगृहाचा पडदा कोणीतरी सुरीने फाडला, ते प्रकरण मी अजून विसरलेलो नाही. ते विसरावे असे मला सुचवणारे काही वरिष्ठ होते. ते आता निवृत्त झाले, मीही झालो. म्हणून लिहितो. नावे कोणाचीच देणार नाही. ज्यांना ओळखायचे ते ओळखतील.

मी खानापूर तालुक्यातला, शेतकऱ्याच्या घरचा. कर्नाटक पोलिसांत होतो; घरात मराठी, ठाण्यात कन्नड. सगळ्या नोकरीत मी जबाब मराठीत ऐकले आणि कन्नडमध्ये लिहिले, आणि त्यात मला कधी अडचण वाटली नाही. सीमाभागात अडचण भाषेची क्वचितच असते. भाषेच्या नावाने चिठ्ठ्या लिहिणाऱ्यांची असते. हे मला निपाणीच्या बदलीत नीट कळले.

ते चित्रपटगृह गावातल्या एका जुन्या घराण्याचे. मालकीणबाईंना सगळे गाव आक्का म्हणायचे. सत्तरी ओलांडलेल्या, पती वारलेले, स्वतःचे मूल नाही. दिराचा मुलगा लहानपणापासून त्यांच्याच घरात वाढला होता. रिळांवरचे सिनेमे येणे थांबले तसे चित्रपटगृह बंद पडले. नवे डिजिटल यंत्र घेतल्याशिवाय एकही सिनेमा मिळणार नव्हता, आणि ते यंत्र आक्कांच्या एकटीच्या आवाक्यातले नव्हते. मग त्यांनी ठरवले की गावालाच बोलवायचे. एका रविवारी सकाळी मोठा सोहळा, स्थानिक कलाकारांची गाणी, जुन्या यंत्रावर शिल्लक असलेल्या एका रिळाचा शेवटचा खेळ, आणि ज्याला जमेल त्याने नव्या यंत्रासाठी मदत द्यायची. निमंत्रणात मराठी आणि कन्नड दोन्ही होते. एक ओळ आक्कांनी स्वतः घातली होती: लग्नाला येता तसे नटून या.

परवानगीचा अर्ज घेऊन आक्का या पुतण्यासोबत ठाण्यात आल्या. अर्ज पुतण्याने टाईप केलेला होता. पुढे दोन दिवसांनी मी आक्कांना बोलावून एक बदल सुचवला, त्यांनी तो मानला आणि त्याप्रमाणे निमंत्रणे छापली. पुतण्या तेव्हा कामानिमित्त बेळगावला गेलेला होता.

सोहळ्याच्या आधीच्या बुधवारी संध्याकाळी झाडलोट करणाऱ्या बाईने आरडाओरडा केला. पडदा वरपासून खालपर्यंत तीन ठिकाणी फाडला होता. आम्ही जाऊन पंचनामा केला. आमच्याकडे त्याला महजर म्हणतात. गुरुवारी टपालाने दोन पत्रे आली. ठाण्याला आलेले पत्र कन्नडमध्ये होते: या गावात मराठी सोहळा होऊ देणार नाही, पडदा फाडला ती फक्त सुरुवात आहे. आक्कांच्या घरी आलेले पत्र मराठीत होते: कन्नड निमंत्रण छापणाऱ्यांचे चित्रपटगृह जाळू. दुपारपर्यंत दोन्ही पत्रांचे फोटो गावभर मोबाईलवर फिरत होते. संध्याकाळी दोन वेगवेगळे जमाव ठाण्याच्या आवारात उभे होते आणि मध्ये माझे सहा शिपाई.

शुक्रवारी सकाळी वरून फोन आला. सोहळा पुढे ढकला, परवानगी मागे घ्या, कायदा-सुव्यवस्थेचे कारण लिहा, असे साहेबांचे म्हणणे. मी म्हणालो, "सर, लेखी आदेश द्या. मी लगेच अंमल करतो." पलीकडून फोन ठेवल्याचा आवाज आला. लेखी आदेश काही आला नाही. माझ्या अनुभवात असे आदेश येत नाहीत.

पण फोन ठेवल्यावर मी घाबरलो होतो, हेही खरे सांगतो. नोकरीच्या सुरुवातीला मी एक दगडफेक पाहिली होती. एका चहावाल्याचा डोळा गेला होता. तो कोणत्याच बाजूचा नव्हता, फक्त दुकान बंद करायला त्याला उशीर झाला होता. रविवारी तसे काही झाले असते तर जबाबदारी माझी होती.

संशय पहिल्यांदा आला तो जुन्या ऑपरेटरवर. चाळीस वर्षे यंत्र चालवणारा हा गृहस्थ नव्या यंत्राच्या विरोधात चार लोकांत बोलला होता. मी त्याला ठाण्यात बोलावले. तो इस्त्रीचा सदरा घालून आला, खुर्ची दिली तरी बसला नाही. माझे प्रश्न ऐकून घेतले आणि म्हणाला, "सायेब, मला खेळ बंद पाडायचा असता तर मी पडद्याला हात लावला नसता. यंत्राचा एक स्क्रू सैल केला असता. तुमच्या बापाला सापडला नसता."

बापाचा उल्लेख मी ऐकून न ऐकल्यासारखा केला. माणूस चिडून खरे बोलत असेल तर पोलिसाने आपला अपमान बाजूला ठेवावा.

मग तोच मला चित्रपटगृहात घेऊन गेला. पडद्याला आवाज बाहेर यावा म्हणून बारीक भोके असतात. फाटलेल्या कडा त्याने बोटाने दाखवल्या. सगळ्या प्रेक्षकांच्या बाजूला वळलेल्या होत्या. म्हणजे सुरी मागून चालली होती. आमच्या पंचनाम्यात हे आले नव्हते. आम्ही सगळे पडद्याच्या पुढे उभे राहून लिहीत होतो. मागे जाऊन पाहावे हे मला सुचले नव्हते. ही माझी चूक, आणि ती एका संशयिताने दुरुस्त केली.

पडद्यामागे एक अरुंद जागा आणि एक दार. दार मागच्या गल्लीत उघडते. कुलूप शाबूत होते. त्या गल्लीत दुपारभर बायका उंबऱ्यावर बसून विड्या वळतात. सूप मांडीवर, हात चालू, आणि नजर सगळीकडे. बुधवारपासून त्यांना कोणी काही विचारले नव्हते. मी तिथे गेलो. एकीने मान खाली घालूनच विचारले की नाव लिहिणार काय. मी वही खिशात ठेवली.

"बुधवारी जेवणवेळंला एक माणूस आलता," ती म्हणाली. "डोस्क्यावर हेल्मेट. किल्लीनं उघडलं. आणि सायेब, ते दार उचलून धरल्याबिगार उघडत न्हाय. नवा माणूस असता तर ढकलत बसला असता. ह्यानं पयल्यांदाच उचललं."

चाळीस पानांच्या जबाबापेक्षा मला या बाईचे हे एवढेसे निरीक्षण मोलाचे वाटले. बाहेरून आलेल्या भाषावीराला ते दार उचलावे लागते हे कसे माहीत असणार? किल्ल्या दोनच होत्या. एक आक्कांच्या कमरेला, दुसरी पुतण्याकडे. पण किल्ली चोरता येते, आणि हेल्मेटमागचा चेहरा कोणी पाहिला नव्हता. एवढ्यावर माणसाला हात लावणे मला योग्य वाटेना.

शनिवारी सकाळी मी आणि आमचे हवालदार दोन्ही पत्रे घेऊन बसलो. हवालदार गोकाककडचे, कन्नड भाषक, अत्यंत शांत माणूस. मी मराठी पत्र वाचत होतो, ते कन्नड. दोघेही मोठ्याने, वाक्यामागून वाक्य, म्हणजे मांडणी सारखी आहे का ते कळावे. मांडणी सारखीच निघाली. तिसऱ्या वाक्यात ते म्हणाले, "हन्नोंदु गंटे." त्याच क्षणी मी वाचले, "अकरा वाजता."

दोघेही थांबलो.

सोहळा दहा वाजता होता. निमंत्रणात दहा होते, फलकावर दहा होते, गावातल्या प्रत्येकाला दहा माहीत होते; धमकी वाचताना पत्रातल्या वेळेकडे कोणाचे लक्ष गेले नव्हते. अकरा फक्त एका कागदावर होते, आमच्याच फाईलमधल्या पहिल्या अर्जावर. दुपारच्या गर्दीआधी लोक घरी पोचावेत म्हणून मीच आक्कांना बोलावून ती वेळ तासभर अलीकडे आणायला लावली होती. म्हणजे पत्रे लिहिणाऱ्याने तो अर्ज पाहिला होता आणि वेळ बदलल्याचे कळायच्या आधीच दोन्ही पत्रे लिहून ठेवली होती. तो अर्ज पाहिलेले ठाण्याबाहेरचे दोनच लोक होते. त्यातल्या एक आक्का.

पुतण्याला बोलावले. शिकलेला, नीटनेटका, तीन भाषा सफाईने बोलणारा माणूस. चहा दिला. पडद्याबद्दल मी एक शब्द काढला नाही. अर्ज कोणी टाईप केला एवढेच विचारले. त्याने केला म्हणाला. मग मी अर्ज, दोन्ही पत्रे आणि छापील निमंत्रण त्याच्यासमोर ओळीने ठेवले आणि वेळ वाचायला सांगितली. पहिल्या तीन कागदांवर त्याचे बोट सरळ फिरले. चौथ्यावर थांबले. तो निमंत्रण बराच वेळ पाहत राहिला. मला वाटते, नीट वाचले ते त्याने तेव्हाच पहिल्यांदा. घरात त्या निमंत्रणांचा गठ्ठा पडला होता. आपण लिहिलेले खोटे पुन्हा तपासून पाहायचा माणसाला कंटाळा असतो.

त्यानंतर त्याने फार ताणले नाही. बेळगावात एकाच बैठकीत दोन्ही पत्रे तयार केली, परत आल्यावर टाकली, पडदाही आपणच फाडला, असे त्याने सांगितले. चित्रपटगृहाच्या जागेवर दुकानांची इमारत बांधायची बोलणी त्याने आक्कांच्या मागे सुरू केली होती. नवे यंत्र आले असते तर ती बोलणी संपली असती. मी विचारले, रविवारी दोन जमाव समोरासमोर आले असते तर काय झाले असते याचा विचार केला होता का.

तो म्हणाला, "तुम्ही तोवर सोहळा रद्द केला असता, सर. नेहमी तेच करता."

माझ्या साऱ्या नोकरीत मला कोणी इतके लागेल असे बोलले नव्हते. त्याचा सगळा डाव आमच्या भित्रेपणावर उभा होता, आणि तो हिशोब चुकीचा नव्हता.

त्या दुपारी मी दोन्ही गटांच्या म्होरक्यांना एकाच खोलीत बसवले आणि दोन्ही पत्रे शेजारी शेजारी ठेवली. कोण काय बोलले ते लिहिण्यासारखे नाही. एवढे सांगतो की कोणी आवाज चढवला नाही, आणि जाताना एकाने दुसऱ्याची चुकून घातलेली चप्पल परत केली.

आक्कांना सांगायला मी स्वतः गेलो. आधीच दोन नातेवाईक येऊन बसले होते. घरातले घरात मिटवा, पोराचे आयुष्य जाईल, अशी त्यांची विनवणी चालू होती. आक्कांनी माझे सगळे ऐकले. डोळ्यांतून पाणी आले ते पदराने पुसले आणि चष्मा लावून जबाबाचा कागद मागितला. नातेवाईक उठून उभे राहिले. आक्का त्यांना म्हणाल्या, "नुसता माझा पडदा फाडला असता तर मी गप्प बसलो असतो. ह्यानं गाव फाडायचं ठरवलंतं." आणि सही केली.

मग मला विचारले, "उद्याचं काय, सायेब?"

मी म्हणालो, परवानगी कायम आहे, पण पडदा नाही.

"त्येची काळजी तुम्ही करू नका," त्या म्हणाल्या. शहापूरच्या एका विणकराकडून त्यांनी गुरुवारीच पांढऱ्या कापडाचे तागे मागवून ठेवले होते. म्हणजे पत्रे आली त्याच दिवशी. शनिवारी दुपारभर मागच्या गल्लीतल्या बायका विड्यांची सुपे बाजूला ठेवून ते कापड जोडत होत्या. माझ्या दोन शिपायांनी शिडी धरली. ऑपरेटर खाली उभा राहून कुठे सुरकुती आहे ते ओरडून सांगत होता.

रविवारी दहा वाजता चित्रपटगृह भरले. बायका शालू नेसून आल्या होत्या, म्हातारे फेटे बांधून. दोन्ही गट आले. एकमेकांपासून लांब बसले, पण बसले. दारात मी गणवेशात उभा होतो. खेळ सुरू झाला तेव्हा नायिकेच्या चेहऱ्यावरून कापडाची एक शिवण सरळ खाली जात होती. कोणीतरी हसले, मग सगळेच हसले, आणि मग शेवटपर्यंत ती शिवण कोणाला दिसली नाही. काही महिन्यांनी नवे यंत्र आले. ते चालवायला ऑपरेटरच शिकला. विरोध केला म्हणून त्याला कोणी बाजूला काढले नाही.

खटला चालला. बचावाच्या वकिलांनी आक्कांना साक्षीत विचारले की आरोपी तुम्हाला मुलासारखाच होता ना. आक्का म्हणाल्या, "सारखा न्हाय, पोरगाच. पोराचं चुकलं तर आईनं सांगायचं न्हाय तर कुणी?" शिक्षा झाली, मोठी नाही. ती भोगून तो आक्कांच्याच घरी परतला. आक्कांनी त्याला घरात घेतले. किल्ली दिली नाही.

माझी बदली त्या वर्षी बेळगावच्या नियंत्रण कक्षात झाली. तिथे फोन उचलणे एवढेच काम. का झाली ते मला कोणी सांगितले नाही आणि मी विचारलेही नाही. निवृत्तीपर्यंत तिथेच होतो.

या प्रकरणाने मला तपासातले एक-दोन धडे दिले. घटनास्थळ दोन्ही बाजूंनी पाहावे. गल्लीत बसलेल्या बाईला पहिल्या दिवशीच विचारावे. पण त्याहून मोठी गोष्ट मला पुतण्याच्या त्या एका वाक्याने शिकवली. धमकी आली की कार्यक्रम रद्द करणे आम्हाला सोपे वाटते, कारण त्यात कोणाचे डोके फुटत नाही आणि वरचे खूश राहतात. पण प्रत्येक वेळी आपण असे दार लावून घेतो तेव्हा पुढच्या चिठ्ठीवाल्याला पत्ता देतो. लोकांच्या नावाने कोणी राग पाठवला तर आधी लोकांना जाऊन विचारावे, तो राग त्यांचा आहे का. बहुतेक वेळा नसतो; ते आपल्या कामात असतात.

आज कोणी तरुण अधिकारी माझ्याकडे सल्ल्याला आला तर मी एवढेच सांगतो: परवानगी दिली असेल तर दारात उभा राहा. बदली होईल. होऊ दे.