क्लोरीनच्या खोलीतला पंखा

हे सांगणं मी बरीच वर्षं टाळलं. मारतहळ्ळीच्या घरी मुलांनी त्या अपघाताचं विचारलं, की यंत्र जुनं होतं, गळलं, एवढंच म्हणायचो.

बंगळूरला पाणी शुद्ध करण्याच्या केंद्रात मी पर्यवेक्षक होतो. पाण्यात क्लोरीन सोडणारं यंत्र माझ्या नोकरीच्या आधीपासूनचं. ते सांभाळणारे अण्णा त्याला अज्जी म्हणायचे. "साहेब, ही अज्जी आपल्या दोघांना पेन्शनीत धाडील, मग बसेल." क्लोरीन हवेपेक्षा जड, गळला तर जमिनीलगत साचतो. म्हणून तिथे भिंतीत खाली बसवलेला पंखा अखंड चालायचा. कधी बंदच होत नसल्याने त्याचं बटण बघायची सवय कुणालाच नव्हती.

आयुधपूजेला आम्ही यंत्रांना हळदकुंकू लावून पुढे दिवा ठेवायचो. त्या वर्षी पंख्याच्या ओढीने दिवा सारखा विझत होता. मी पंखा बंद केला. पूजा झाली, कोहळा फोडला, चुरमुरे वाटले. पंखा तसाच राहिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी अण्णा आत गेले. मला आधी तो उग्र वास आला, मग खोकला ऐकू आला. दारातून पाहिलं तर ते गुडघ्यांवर बसलेले, तोंडावर हात. माझे पाय पुढे पडेनात. हात बाहेरच्या बटणावर गेला, तेव्हा कळलं, पंखा कालपासून बंदच होता. मी ते चालू केलं. दुसऱ्या एका कामगाराने मास्क लावून अण्णांना ओढून काढेपर्यंत मी भिंतीला टेकून उभा होतो. भीती अण्णांच्या जिवाची होती, आणि बटण दाबताना कुणी पाहिलं का, याचीही.

चौकशीत नळीचा सांधा गळल्याचं ठरलं. तो अण्णांनी बसवला होता. पंख्याचं विचारलं तेव्हा मी 'चालू होता' म्हणालो.

अण्णा कामावर परतले नाहीत. सर्जापूर रोडला मुलीकडे राहायचे. दोन वाक्यांत धाप लागायची. पुष्कळ दिवसांनी भेटायला गेलो, तर तेच म्हणाले, "माझंच चुकलं साहेब. नट स्वल्प सैल राहिला असेल. तुमच्यावर काही आलं नाही, ते बरं."

मी मोसंब्यांची पिशवी ठेवून उठलो. लिफ्टपासून परत आलो, बेलवर बोट ठेवलं, दाबलं मात्र नाही. गेल्या महिन्यात अण्णा गेले.

अण्णा, गळती कुठूनही झाली असेल. पंखा मी बंद केला होता. मला माफ करा.