मैनाबाईंची रंगीत पिल्लं

मैनाबाई कोंबड्या पाळणार, असं मला गेल्या वर्षी कोणी सांगितलं असतं तर मी त्याचं कपाळ चाचपून ताप पाहिला असता. मैनाबाई महानुभाव पंथाच्या. पाणी गाळून पिणार, वांगं चिरताना अळी निघाली तर फोडीसकट परसात नेऊन सोडणार, अंगण झाडताना मुंग्यांची रांग दिसली की झाडू उचलून पलीकडून झाडणार. वर रोज सकाळी कडुनिंबाच्या बुंध्याशी मुंग्यांना चिमूटभर साखर. आमच्या घरी कोंबडी येते ती पातेल्यात जायला. भिंतीला भिंत लागून असली तरी आमचा शेजार असा.

मे महिन्यात दर्यापूरच्या बाजारात एक जण गुलाबी, हिरवी, पिवळी रंगवलेली पिल्लं विकायला बसला होता. जीव रंगवून विकतात हे मैनाबाईंनी कधी पाहिलं नव्हतं. त्यांचे पाय तिथेच थांबले. पोरं पिल्लांना बोटं टोचत होती आणि पिल्लं चोची उघडून धापा टाकत होती. विकणारा म्हणाला, या उन्हात संध्याकाळपर्यंत निम्मी राहणार नाहीत. झालं. बाई भाजी न घेता अख्खी टोपली उचलून घरी आल्या.

दुपारभर त्या भिंतीवरून मला विचारत राहिल्या. खातात काय? वाटीत बुडतील का? रंग पोटात गेला तर? मांजरानं पंजा घातला तर? मला कोंबडीची माहिती मसाल्यापासून पुढची. मी आपलं हो हो म्हणत राहिलो.

त्यांची मोठी भीती मात्र उन्हाची. विकणाऱ्याचं बोलणं डोक्यात बसलं होतं. मुलानं अकोल्याहून आणून दिलेला कूलर त्या स्वतःसाठी कधी लावत नाहीत. वीज कशाला जाळायची म्हणतात. पण आमच्या वऱ्हाडात मे महिन्यात घरी आलेल्याला आधी कूलरपुढे बसवतात, मग पाणी विचारतात. माया करायची आमची रीतच ती. मैनाबाईंनी कूलरच्या टाकीत माठातलं गार पाणी ओतलं, टोपली त्याच्या तोंडाशी ठेवली आणि स्वतः ओसरीत पदरानं वारा घेत झोपल्या.

सकाळी त्या आमच्या फाटकाशी उभ्या होत्या. त्यांनी आपल्या घराकडे बोट केलं. मी आत जाऊन पाहिलं. कूलर घरघरत होता आणि टोपलीच्या पार मागच्या कडेला पिल्लांचा ढीग झाला होता, एकावर एक. वरची जिवंत होती. खालची दबून चपटी झाली होती. मी आजवर किती कोंबड्या खाल्ल्या याचा हिशेब नाही, पण त्या ओल्या, रंग उतरलेल्या ढिगाकडे मला पाहवेना.

मागच्या गल्लीतल्या दुर्गाबाईंनी जन्मभर कोंबड्या पाळलेल्या. त्यांना बोलावलं. त्यांनी आधी कूलर बंद केला.

"अवं, आईच्या पोटाखाली राह्याची वस्तू हाये ते," त्या म्हणाल्या. "ऊब नाई भेटली त एकमेकाच्या अंगावर चढते. कूलरपुढं ठेवते का कोनी?"

मैनाबाईंनी टोपली जवळ ओढली. त्या माझ्याकडे पाहून एवढंच म्हणाल्या, "भाऊ, उन्हानं नाई मारले. म्या मारले."

आयुष्यात ज्या बाईनं मुंगी चिरडली नाही तिच्या हातून हे झालं होतं. कडुनिंबाखाली खड्डा मी खणला. त्यांनी एकेक पिल्लू पदरात घेऊन आत ठेवलं. दिवसभर अन्न घेतलं नाही. दुसऱ्या दिवशी पंथाच्या क्षेत्री, रिद्धपूरला जाऊन काय प्रायश्चित्त ते विचारते म्हणाल्या, पिशवीही भरली. दुर्गाबाईंनी दारातच अडवलं आणि सांगितलं की तू गेलीस तर उरलेलीही जातील. पिशवी परत खुंटीला गेली. ऐन मे महिन्यात बाई त्या बंद खोलीत पिल्लांसोबत बसून राहू लागल्या. पंखासुद्धा लावला नाही.

बाकीची सावरली. राहिलं एक गुलाबी पिल्लू. ते ढिगाच्या तळाशी सापडलं होतं, धुगधुगी होती म्हणून वाचलं. त्याचे पाय फाकत, आणि ते काही केल्या खाईना. ज्वारीच्या कण्या झाल्या, भिजवलेली डाळ झाली. कापसाच्या वातीनं बाई त्याच्या चोचीत थेंब थेंब पाणी सोडायच्या. हेही गेलं तर त्या उभ्या राहणार नाहीत, हे गल्लीत सगळ्यांना कळत होतं. दुर्गाबाईंनी सुचवलं की उधई, म्हणजे वाळवी, आणून घाल, त्यानं अंगात ताकद येते. मैनाबाईंनी कानांवर हात ठेवले.

पुढच्या सकाळी त्यांनी ते पिल्लू कोवळ्या उन्हात पायरीशी ठेवलं आणि अंगण झाडायला घेतलं. मी भिंतीशी दात घासत उभा होतो. पायरीवरून एक मुंगी निघाली. पिल्लानं मान तिरकी केली, चोच मारली आणि मुंगी गिळली. मग दुसरी. ते खायला लागलं होतं.

मैनाबाईंच्या हातातला झाडू गळून पडला. धावत जाऊन त्यांनी पिल्लू उचललं, त्याची चोच उघडून आत पाहिलं. आत काय असणार? पिल्लू हातातूनच खाली, पायरीकडे, मान ताणत होतं. बाईंनी एकदा पायरीवरच्या मुंग्यांकडे पाहिलं, एकदा पिल्लाकडे. मग त्यांनी पिल्लू जिथे होतं तिथेच अलगद खाली ठेवलं आणि त्याच्याकडे पाठ करून बसल्या.

"खाय बापा," त्या म्हणाल्या. "म्या नाई पाह्यलं."

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या साखरेची वाटी घेऊन रोजच्यासारख्या बाहेर आल्या. कडुनिंबापर्यंत गेल्या, तिथे थोडं थांबल्या आणि तशाच मागे फिरल्या. मग खाली वाकून मुंग्यांची ती चिमूटभर साखर त्यांनी पायरीशी सोडली, गुलाबी पिल्लाच्या पुढ्यात.

माझा ब्रश तोंडातच राहिला. त्यांनी वर पाहिलं, मी दिसलो.

"मले काई इचारू नको, भाऊ," मैनाबाई म्हणाल्या, आणि त्यांनी पदर डोळ्यांना लावला.