पूजेपुरतं बंद

संगमनेरच्या अलीकडच्या एका गावात दूध संस्थेत संगणक आला, तेव्हा भिमाजी तरणा होता. आता त्याच्या मिशा पांढऱ्या झाल्या होत्या आणि संगणकाचा डबा पिवळा पडला होता. पण कॅन काट्यावर चढलं की पडद्यावर वजन उमटायचं, फॅट उमटायची, चरचरत पावती बाहेर यायची. ती फाडून बायांच्या हातात देताना भिमाजीचा आवाज थोडा भारदस्त व्हायचा. आयुष्यात दुसरीकडे कुठेच तो तसा होत नसे.

मग सॉफ्टवेअर कंपनीचा आदिनाथ पुण्याहून आला. इस्त्रीचा शर्ट, गोड बोलणं.

"याच्यावर आमचं नवं सॉफ्टवेअर चालणार नाही. जुन्याचा सपोर्ट कंपनीनं बंद केलाय."

"पर हे चालतंय की," भिमाजी म्हणाला.

"आज चालतंय, काका. उद्या पडलं तर? शेजारच्या संस्थेनं सर्व्हर बसवला. लोक दूध तिकडं घालायला लागले, तर मग कुणाकडं बघायचं?"

शेवटचं वाक्य चेअरमन कल्याणरावांसाठी होतं आणि ते बरोबर जागी लागलं. जुना डबा भंगारवाल्याच्या टेम्पोत चढला.

"भिमा, नवं यंत्र तुझ्या हाती देतोय," कल्याणराव सगळ्यांदेखत म्हणाले. "काय बिघडलं, तर खुर्ची सोडायची आन् कॅन धुवायला बसायचं."

लोक हसले. भिमाजीही हसला. आपण हसलो नाही तर ते खरंच होईल, असं त्याला वाटलं.

सर्व्हर काळा होता आणि सतत घुमत असायचा. भिमाजी त्याच्याशी जपून वागे. फडक्याने पुसताना त्याचा श्वास आपोआप हळू होई.

खंडेनवमीला सकाळचं दूध झाल्यावर त्याने काटा धुतला, फॅट मशीन पुसलं, झेंडूच्या माळा केल्या. पडद्यावर कंपनीचं अपडेट चालू होतं. बंद करू नका, असं लिहिलेलं त्याने वाचलंही. पण पूजेच्या वेळी हत्याराला विसावा द्यायचा असतो. चालत्या नांगराला कुणी हळद लावत नाही. जुना संगणक दरवर्षी पूजेला निजायचा आणि आरती झाली की उठायचा. भिमाजीने बटण दाबलं, कुंकू लावलं, डोळे मिटून हात जोडले.

सर्व्हर उठला नाही. संध्याकाळी दूध घेऊन आलेली माणसं दारात ताटकळली. गावाच्या दुधाच्या नोंदी गेल्या त्या गेल्याच.

"माझ्या म्हशीचं दूध कुटं घातलंस रं, मुडद्या?" छबूबाई ओरडली. कालपर्यंत ती त्याला दादा म्हणायची.

आदिनाथ आला, शांतपणे पाहून म्हणाला, "चूक माणसाची आहे, मशीनची नाही. नोंदी दुसरीकडे साठवायची सोय तुम्ही घेतली नव्हती."

"तू म्हनला न्हाईस तसं," कल्याणराव म्हणाले.

"ती वेगळी घ्यावी लागते, साहेब."

कल्याणरावांनी ती घेतली, सोबत दुसरा सर्व्हरही घेतला. खुर्चीवर त्यांचा भाचा बसला. भिमाजी मागच्या अंगणात, नळाशी.

आता आदिनाथ इतर गावच्या चेअरमन लोकांना घेऊन येतो. त्यांना आधी सर्व्हर दाखवत नाही. आधी मागे आणतो.

"काका, जरा सांगा ना यांना, काय झालं होतं."

भिमाजी नळ बंद करतो. नाही म्हणून पाहिलं होतं त्याने एकदा, कल्याणराव म्हणाले होते, "मग उद्यापास्नं नळाला पन येऊ नको."

"पूजेपुरतं बंद केलं हुतं," तो सांगतो.

पाहुणे हसतात. मग आपापल्या संस्थेतला माणूस त्यांच्या डोळ्यांसमोर येत असावा. आदिनाथ तेवढ्याचीच वाट पाहत असतो.

"आणि हात कसे जोडले होते, काका?"

भिमाजी ओले हात जोडून दाखवतो.