आळीतली सगळी दारं

१६ नोव्हेंबर, रविवार. दुकान बंद ठेवून सिनेमांचे करार बघत बसले आहे. सांगलीत माझं टायपिंगचं दुकान. अलीकडे त्यात एक काम वाढलंय. पदरमोड करून सिनेमा काढणाऱ्यांचे सिनेमे मोबाइल ॲपवर चढवून द्यायचे. आवाज, पोस्टर, पडद्याखालच्या भाषांतराच्या ओळी, सगळं बघायचं. लोक जितकी मिनिटं बघतील त्या हिशोबाने ॲपवाले पैसे देतात.

अशी सिनेमावाली माणसं तुम्हीही पाहिली असतील. बोलायला लागली की थांबत नाहीत. वडूजकडचे एक दादा मात्र वेगळे. काही बदल सुचवला की ते मनगटावरचं घड्याळ काढायचे, टेबलावर उपडं ठेवायचे आणि म्हणायचे, "ऱ्हाऊ द्या की, ताई."

पन्नाशीचा माणूस. आयुष्यभर लोकांच्या लग्नांचं शूटिंग केलं, स्वतःचं राहून गेलं. "माझ्या लग्नात मी बोहल्यावर, मग कॅमेरा कोण धरनार?" म्हणायचे.

सिनेमा त्यांच्याच आळीतला. दिवेलागणीला एक म्हातारी घराबाहेर पडते. एकेका दाराशी थांबून हाक मारते, "हाय का कोण?" आत कुणी नसतं. माणसं पुण्या-मुंबईला गेलेली. ती पुढच्या दाराशी जाते. म्हातारी म्हणजे त्यांचीच आई. तिला काही शिकवावं लागलं नाही, ती रोजच अशी फिरायची. फक्त कॅमेऱ्याकडे बोट करून म्हणायची, "त्याला म्हनावं, माझ्याकडं बघू नगो."

ॲपच्या यंत्राने ओळी आपोआप टाकल्या. प्रत्येक दाराशी पडद्याखाली इंग्रजीत 'हाय!' उमटलं. ॲपच्या ऑफिसातल्या मुलीचा फोन आला, "मॅडम, आजी किती गोड आहेत! सगळ्यांना हाय करतात!"

दादांना हे सांगितलं तर डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. "आईला सांगाय पायजे हुतं," म्हणाले. शूटिंग झालं त्याच उन्हाळ्यात आई गेली होती. मी ओळी हाताने बदलल्या.

महिन्याभराने ॲपवरून कळलं, चौथ्या दाराशी लोक सिनेमा सोडतात. मी स्पष्ट सांगितलं, तीन दारं ठेवा, बाकीची काढा. लोक शेवटपर्यंत बघतील, पैसे येतील, दुसरा सिनेमा होईल. नाहीतर कॅमेरा विकायची पाळी येईल. हे त्यांनाही ठाऊक होतं. घड्याळ न काढता ते संगणकासमोर बसले. एक दार काढलं. सिनेमा मागे नेऊन बघितला. दार परत घातलं.

"हे शेजारच्या नानाचं दार. काढलं तर नाना म्हनंल, मी हुतो की हितं."

"नाना मुलाकडे पिंपरीत असतात ना? त्यांना काय कळतंय?"

"त्याला न्हाई कळायचं. पर आई एकबी दार सोडत नव्हती. आळीत दारं तेवढी हायत, ताई. मी काय करू?"

दार एकही निघालं नाही. कॅमेरा मात्र विकला गेला. पुढे फलटणजवळच्या एका साखर कारखान्यात त्यांना नोकरी लागली. एका खोलीत बसून गेट, वजनकाटा आणि गाडीतळावरच्या कॅमेऱ्यांचे पडदे बघायचे. तिथून एकदा फोन आला. "लय बरं हाय. दिसभर एकच शॉट. कोण कट कर म्हनत न्हाई." मी हसले. ते हसले नाहीत.

त्यांचा करार या महिन्यात संपतोय. वाढवला नाही तर सिनेमा ॲपवरून जाईल. म्हणून आज दुपारी मीच फोन केला.

"कोण बघतंय का, ताई?"

खोटं बोलणं मला जमत नाही. "गेल्या महिन्यात कुणी नाही."

"मग काढून टाका. उगं जागा अडती."

"जागा कसली अडते? ते काय धान्याचं कोठार आहे?"

पलीकडे ट्रॅक्टरचा भोंगा वाजला. मग ते हळूच म्हणाले, "आईचा दुसरा फोटोबी न्हाई ओ माझ्याकडं. ती काढूच द्यायची न्हाई."

"मग वाढवायचा. तुमची सही लागेल."

"हंगाम चालू हाय, सुट्टी न्हाई मिळायची."

"मी येते."

"आवं, एवढ्या लांब?"

"बघू," म्हणून मी फोन ठेवला.

१७ नोव्हेंबर, सोमवार. सकाळी दुकानाला 'आज बंद'ची पाटी लावली आणि विट्यावरून जाणाऱ्या फलटण गाडीत बसले. सही मोबाइलवरही करता येते. ते मी त्यांना सांगितलं नव्हतं.