गिऱ्हाइकाची जीन्स आणि माझी

वडील जासईच्या एका कंटेनर यार्डात माल उतरवायचे. त्यांची पाठ गेली आणि कामही गेलं. मग घर आईच्या शिलाई मशीनवर आलं. पनवेलच्या आमच्या एका खोलीत जेवायला बसायचं तर आधी मशीन सरकवावं लागे. नवीन पनवेलच्या सोसायट्यांमधून फॉल-बिडिंग, रफू, उंची कमी करायचे कपडे यायचे.

आईचा नियम होता. गिऱ्हाइकाच्या कपड्याला रंगाला रंग जुळवून दोरा. घरच्या कपड्याला बॉबिनमध्ये उरलेला, असेल तो. वडिलांच्या खाकी पँटला गुलाबी टाके होते. त्यांना त्याचं काही नव्हतं. मला होतं.

बीकॉमच्या शेवटच्या वर्षी माझी एकुलती एक चांगली जीन्स गुडघ्यावर फाटली. धुऊन धुऊन मऊ झालेली, अंगात नेमकी बसणारी. आई म्हणाली, "ठेव तिथं, बघते." ती तिथंच राहिली.

त्याच आठवड्यात माझ्या वर्गातली एक मुलगी तिची जीन्स घेऊन आली. तिच्याही गुडघ्याला भोक. घरी कपाटभर जीन्स, पण म्हणे हीच आवडती. आई तिला म्हणाली, "ये बाळा, बस, पानी घे." मला बाळा कधी म्हणाली असेल तर देव जाणे.

तिचं काम लगेच झालं. आतून तुकडा, वरून कापडाच्या तिरक्या विणीतून मागेपुढे शिलाई. हात फिरवला तरी कळत नव्हतं. तो तुकडा मात्र मी ओळखला. माझ्या जीन्सची उंची कमी केली तेव्हाची पट्टी!

"आई, ही माझी पट्टी आहे."

"मंग? रंग जुळला तिला."

"आणि माझी जीन्स?"

"तू घरची हाय गो. तिला नाय आवडलं तर ती दुसरीकडं जाईल. तू कुठं जाशील?"

माझा नुसता जळफळाट झाला. त्या मुलीच्या स्कूटीचा, फ्लॅटचा मी कधी हेवा केला नाही. माझ्या आईच्या हाताचा केला. वर्गात फळा सोडून तिच्या गुडघ्याकडे बघत बसायचे.

एका दुपारी जीन्सची घडी पिशवीत घातली, चपला चढवल्या आणि बाहेर जाऊन आमच्याच दाराची कडी वाजवली.

"काकी, रफू करून पाहिजे. दोरा मॅचिंग. परीक्षेच्या आधी."

आईनं चष्म्यावरून पाहिलं. आडवे पडलेले वडील म्हणाले, "अगो, गिऱ्हाइकाला पानी तरी इचार."

"जोडायला कापड कुठंय?" आई म्हणाली.

"मागचा खिसा काढा."

"खिसा जाईल."

"जाऊ दे."

"लय नखऱ्याचं गिऱ्हाईक हाय." तरी तिनं बॉबिन काढली, तिच्यातला लाल दोरा सोडून टाकला आणि निळा भरला.

मागे खिशाच्या जागी गडद चौकोन राहिला. गुडघ्यावर काही दिसत नव्हतं. त्या जीन्सवर मी शेवटच्या वर्षाचे सगळे पेपर दिले आणि पास झाले. आमच्या घरात पदवी घेतलेली पहिली मीच. आणि माझ्या गुडघ्याचं काम त्या मुलीच्या गुडघ्यापेक्षा सफाईदार झालं होतं.